सल्ला हवा: डोळे नसलेल्या जिवाणूचा खेळ कसा रचावा?

रंगीतकाच
नमस्कार मंडळी. मी एक छोटा द्विमितीय खेळ बनवतेय. खेळाडू म्हणजे पाण्याच्या थेंबातला एक जिवाणू. अन्न शोधायचं, विषारी भागापासून लांब राहायचं, एवढंच. प्रोटोटाइप चालतोय. अन्नाचं प्रमाण पडद्यावर रंगाने दाखवलंय आणि गडद भागाकडे जॉयस्टिकने पोहत जायचं. पण यात शोधणं उरतच नाही. गडद रंग दिसला, तिकडे गेलं, संपलं. रंग काढून टाकला तर खेळणारा नुसता भरकटतो आणि लगेच कंटाळतो.

मला या दोन्हींच्या मधलं काहीतरी हवंय. सूक्ष्मजीवांकडे नकाशा नाही, तरी ते अन्नापर्यंत पोहोचतातच. हे ते कसं साधतात? त्यातलं काय खेळाचा नियम म्हणून उचलता येईल? कोणता जीव निवडावा? शाळकरी मुलांनाही खेळता यावा, पण विज्ञान खोटं नको.

सूक्ष्मकथा
ई. कोलाय घ्या. यावर जितका अभ्यास झालाय तितका क्वचितच दुसऱ्या जिवाणूवर झाला असेल, त्यामुळे आकडे तयार मिळतात.

त्याला दोनच गोष्टी येतात. कशाभिका, म्हणजे अंगावरचे चाबकासारखे धागे, एका दिशेने फिरल्या की त्यांची जुडी बनते आणि तो सरळ पोहतो. त्यातली एखादी जरी उलटी फिरली तरी जुडी सुटते, तो जागच्या जागी गडबडतो आणि भलत्याच दिशेला तोंड करून पुन्हा निघतो. हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी १९७२ मध्ये एकेका जिवाणूचा पाठलाग करणारा सूक्ष्मदर्शक वापरून हे मोजलं. सरळ धाव सरासरी एक सेकंदाच्या आत-बाहेर, गडबड त्याच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढी आणि दिशेतला बदल सरासरी ६८ अंशांचा. डावीकडे वळ, उजवीकडे वळ असा आदेश त्याच्याकडे नाहीच. तुमचा जॉयस्टिक इथेच बाद होतो.

मग तो पोहोचतो कसा? अन्न वाढतंय असं जाणवलं की गडबड लांबणीवर टाकतो, म्हणजे चांगल्या दिशेची धाव लांबते. आणि मला यातलं सर्वांत आवडतं ते हे, की अन्न कमी होत असेल तर तो घाबरून धाव फारशी आखूड करत नाही. ती जवळपास नेहमीएवढीच राहते. चांगल्या बातमीचा फायदा घ्यायचा, वाईट बातमीकडे बऱ्याच अंशी दुर्लक्ष करायचं, एवढ्यावर सगळा प्रवास चालतो.

आता 'वाढतंय' हे कळतं कसं? त्याची लांबी जेमतेम दोन मायक्रोमीटर. पुढच्या टोकाला किती आणि मागच्या टोकाला किती अशी तुलना तो करत नाही, तो काळाची तुलना करतो. रॉबर्ट मॅकनॅब आणि डॅनियल कॉशलँड यांनी १९७२ मध्येच साल्मोनेला जिवाणूंवर याचा सुरेख प्रयोग केला. जिवाणू असलेल्या द्रवात आवडीचं रसायन झटकन मिसळून सगळीकडे सारखं केलं. जागेनुसार फरक शून्य, तरी जिवाणू काही वेळ एखादी चढण सापडल्यासारखे सरळ पोहत राहिले. उलट प्रमाण झटकन कमी केलं तर गडबड वाढली, पण असा एकदम मोठा उतार पोहताना सहसा लागत नाही. पुढे ई. कोलायच्या मोजमापातून दिसलं, की तो गेल्या साधारण एका सेकंदाची तुलना त्याआधीच्या साधारण तीन सेकंदांशी करतो. तुमचा नियम हाच. खेळाडूला 'इथे किती आहे' हे कधीच सांगू नका. 'मघापेक्षा बरं की नाही' एवढंच सांगा.

ठोकळा
वरचा प्रतिसाद जपून ठेवावा असा. मी तो नियंत्रणात बसवून पाहतो.

एकच बटण. दाबून धरलं की जिवाणू सरळ पोहतो, सोडलं की गडबडतो आणि नवी दिशा आपोआप मिळते. पडद्यावर अन्न अजिबात दाखवायचं नाही. फक्त एक स्वर, किंवा कंट्रोलरचं कंपन. गेल्या एका सेकंदाची सरासरी वजा त्याआधीच्या तीन सेकंदांची सरासरी काढायची आणि उत्तर वाढत जाईल तसा स्वर चढवायचा. सोडू की धरून ठेवू, हा निर्णय जिवाणूच्या आतली रसायनं घेतात तो इथे माणूस घेईल. खरी धाव सेकंदभराची असल्यामुळे वेळ ताणायची गरज नाही, माणसाच्या हाताला हा वेग जमतो.

बटण कायम दाबून ठेवलं तर? त्यावरही निसर्गाचाच उपाय आहे. पाण्याचे रेणू जिवाणूला सतत धक्के देतात, त्यामुळे दहाएक सेकंदांत त्याची दिशा सुमारे ९० अंशांनी ढळते. खेळात दिशेला थोडा यादृच्छिक ढळ द्या, म्हणजे लांब धावेचा फायदा आपोआप मर्यादित होतो.

आणि खेळाच्या इंजिनमधलं जडत्व पूर्ण बंद करा, याबाबत तडजोड नको. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९७६ च्या व्याख्यानात दाखवलं होतं, की पोहणं थांबवल्यावर जिवाणू जेवढा पुढे घसरतो ते अंतर एका अणूच्या रुंदीपेक्षाही कमी असतं. त्याच्यासाठी पाणी म्हणजे डांबर. खेळातला जिवाणू थांबताना जरा जरी तरंगत गेला, तरी तो मासा वाटेल.

मधलीसुट्टी
वर्गात मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली तळ्याचं पाणी दाखवते, त्या अनुभवावरून सांगते. लहान मुलांना पॅरामेशिअम हा एकपेशीय जीव चटकन कळतो. पुढून कशाला धडकला की पेशीत कॅल्शियम शिरतं, केसांसारख्या पक्ष्माभिका उलट्या दिशेने हलतात, तो मागे सरतो आणि थोडा कोन बदलून पुन्हा पुढे जातो. मागून स्पर्श झाला तर पुढे वेग वाढवतो. भिंतींच्या चक्रव्यूहासाठी एवढा नियम पुरतो.

स्टॅनफर्डमध्ये इंगमार रीडेल-क्रूझ यांच्या गटाने २०११ मध्ये जिवंत पॅरामेशिअम घेऊनच खेळ रचले होते. विजेचं क्षेत्र बदललं की ते जीव आपली दिशा बदलतात, त्यावर कंट्रोलर चालायचा. तुमच्या खेळासाठी त्याची माहिती जरूर मिळवा.

शेवाळरेषा
पुढच्या पातळ्यांसाठी दोन वेगळ्या ज्ञानेंद्रियांची शिफारस करते.

चुंबकीय जिवाणू. रिचर्ड ब्लेकमोर यांनी १९७५ मध्ये त्यांची नोंद केली. पेशीत लोहखनिजाच्या कणांची माळ असते आणि ती होकायंत्राच्या काट्यासारखी पेशीला फिरवते. उत्तर गोलार्धात पृथ्वीचं क्षेत्र तिरकं खाली झुकतं, म्हणून तिथले हे जिवाणू उत्तरेकडे पोहताना खरं तर खाली, कमी ऑक्सिजनच्या गाळाकडे जात असतात. अशी पातळी रचा, आणि मध्येच पडद्याच्या कडेला एक चुंबक आणून ठेवा.

दुसरा सिनेकोसिस्टिस. जेमतेम तीन मायक्रोमीटरचा हा गोल नीलहरित जिवाणू स्वतःच भिंग बनतो, हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं. प्रकाश एका बाजूने आला की विरुद्ध कडेवर तेजस्वी ठिपका पडतो आणि पेशी त्या ठिपक्यापासून दूर, म्हणजेच प्रकाशाकडे सरकते. म्हणजे इथे खऱ्या अर्थाने दिशा कळते. ई. कोलायच्या पातळ्या खेळून आलेल्या माणसाला हा फरक हातातच जाणवेल.

सूक्ष्मकथा
शेवाळरेषा, सूचना उत्तम, फक्त एका पातळीत एकच ज्ञानेंद्रिय ठेवा. सगळं एकत्र दिलं की पुन्हा नकाशाच तयार होतो.

रंगीतकाच
सगळ्यांचे मनापासून आभार. एक बटण आणि एक स्वर यावर आजच काम सुरू करते. दोन शंका आहेत. खेळाडू अन्नाच्या ऐन मध्यावर पोहोचला की स्वराचं काय करायचं? आणि विषासाठी वेगळा आवाज लागेल का?

सूक्ष्मकथा
मध्यावर स्वर हळूहळू विरू द्या. जिवाणूलाही सवय होते. अन्न भरपूर पण सगळीकडे सारखं असेल, तर काही वेळाने तो नेहमीइतकाच गडबडू लागतो. रसायन ओळखणाऱ्या प्रथिनांवर मिथाइल गट नावाचे छोटे रासायनिक तुकडे चढतात, संवेदना पुन्हा मूळ पातळीवर येते आणि म्हणूनच प्रमाण हजारो पटींनी वेगळं असलं तरी त्याला चढ कळतो. खेळात याचा अर्थ असा, की थोडक्या अन्नाजवळ आलेला आणि भरपूर अन्नात बसलेला, दोघांनाही सारखीच शांतता ऐकू येईल. आणखी काही आहे का हे पाहायला बाहेर पडावंच लागेल.

विषाला वेगळा आवाज नको. नको असलेलं रसायन वाढलं की तेच यंत्र गडबड वाढवतं. दोन्हींची बेरीज करून त्याच एका स्वरात टाका. अन्न आणि विष शेजारीशेजारी ठेवलेल्या पातळीत तो स्वर जवळपास सपाट होईल आणि खेळाडूला कडेकडेने वाट काढावी लागेल. ती पातळी आधी बनवा.

ठोकळा
आणि चाचणी घेताना खेळणाऱ्याला नियम समजावून सांगू नका. बटण दाखवा, हेडफोन द्या आणि प्रत्येक धाव किती सेकंदांची होते ते फाइलमध्ये नोंदवत राहा. चढत्या बाजूच्या धावा लांबत गेल्या, तर नियम हाताला कळलाय. आकडे आले की इथे टाका, स्वरासाठीच्या त्या एक आणि तीन सेकंदांच्या सरासरीची वेळ कमी-जास्त करून बघू.