आंतरराष्ट्रीय पुनर्विक्री योजनेत सहभागी व्हावे का?

प्रश्न (पंचवटी, नाशिक): मी पूजेची तांब्या-पितळेची उपकरणी ऑनलाइन विकतो. माझा माल एका निर्यातदार कंपनीने देशातच विकत घ्यावा आणि परदेशात स्वतः विकावा, असा प्रस्ताव आला आहे. होकार द्यावा का?

उत्तर (सातपूर): अवश्य द्यावा. विक्री देशांतर्गत असल्याने आयात-निर्यात कोड, सीमाशुल्क आणि परदेशातून परत येणारा माल यांची कटकट त्या कंपनीकडे जाते. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी स्थगित केल्यानंतर तर ही सोय लहान विक्रेत्याला मोलाचीच आहे.

उत्तर (येवला): पण ग्राहक तुमचा राहत नाही. आम्ही पैठणी एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचे हमीपत्र) भरून स्वतः निर्यात करतो, त्यामुळे जीएसटी न आकारता माल जातो, सुतावरील कराचा परतावा मागता येतो आणि परदेशात कोणता रंग खपतो हे थेट कळते.

प्रश्नकर्ता: कंपनी जीएसटी ०.१ टक्काच लावा म्हणते.

उत्तर (सातपूर): तो दर निर्यातदारासाठी आहे खरा, परंतु बिलाच्या तारखेपासून ९० दिवसांत माल देशाबाहेर गेला नाही, तर सवलत तुमची जाते. निर्यातीचा पुरावा देण्याची अट करारात आधीच घालून घ्या.