ब्लॅक (पायथन कोड ठरावीक साच्यात बसवणारा फॉरमॅटर) २४ वरून २५ वर गेल्यावर सीआय (आपोआप चालणाऱ्या तपासण्या) लाल. स्टाइलचे बदल कसे उतरवायचे?

बाणेर_बॅकएंड: पुण्यातली छोटी टीम, जँगोचा जुना प्रोजेक्ट. ब्लॅकची आवृत्ती कुठेच पिन (एका आकड्यावर पक्की) केलेली नाही. २५.१.० आल्यापासून दोन ओळींच्या पीआरमध्ये (मुख्य कोडमध्ये बदल घेण्याची विनंती) भलत्याच फाइल्स बदललेल्या दिसतात. दर जानेवारीला हेच होणार का? आणि गिट ब्लेमची (कोणती ओळ कोणी, कधी बदलली ते दाखवणारी सोय) वाट न लावता हे उरकायचं कसं? काही लांबलेल्या ब्रँचेसही (कोडच्या वेगळ्या शाखा) अजून मर्ज व्हायच्या, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळायच्या, आहेत.

कोथरूडकर: होणारच, ब्लॅकचं धोरणच तसं आहे. नवी स्टाइल आधी प्रीव्ह्यू फ्लॅगमागे (तो पर्याय लावला तरच लागू) राहते आणि वर्षाच्या पहिल्या आवृत्तीत स्थिर होते. मग वर्षभर, एखादा बग सोडला तर, फॉरमॅट केलेला कोड हलत नाही. २४.१.० मध्ये मॉड्यूलच्या डॉकस्ट्रिंगनंतर (फाइलच्या सुरुवातीचं वर्णन) एक रिकामी ओळ सक्तीची झाली आणि लांबलचक इफ-एल्स एक्स्प्रेशन फोडताना त्याला कंस पडू लागले. २५.१.० मध्ये युनिकोड एस्केपमधली (अक्षर त्याच्या कोड क्रमांकाने लिहिणं) कॅपिटल हेक्स अक्षरं स्मॉल झाली. म्हणजे बदल किरकोळच, पण फाइलभर विखुरलेले.

खरी गोम आवृत्ती तीन ठिकाणांहून येते ही: सीआय, प्री-कमिट (कमिट करण्याआधी चालणाऱ्या तपासण्या) आणि एडिटर. पायप्रोजेक्ट टॉमल या सेटिंगच्या फाइलमध्ये 'रिक्वायर्ड व्हर्जन' ला नुसतं "२५" दिलं तरी चालतं. दुसरी आवृत्ती असेल तर ब्लॅक फॉरमॅट न करता एरर देऊन थांबतो. व्हीएस कोडचं एक्स्टेंशन स्वतःबरोबर ब्लॅक घेऊन येतं, तिथे इम्पोर्ट स्ट्रॅटेजी 'फ्रॉम एन्व्हायर्नमेंट' करा. नाहीतर सेव्ह केलं की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

सिंहगड_रोड: कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) दोन करा. पहिल्यात फक्त आवृत्तीचा बदल, दुसऱ्यात फक्त फॉरमॅटिंग, हाताने एक अक्षरही नको. मग दुसऱ्याचा पूर्ण ४० अक्षरी हॅश (कमिटची ओळख) रेपोच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या गिट फोल्डरच्या, मुळाशी 'डॉट गिट-ब्लेम-इग्नोअर-रेव्हज' फाइलमध्ये. ही फाइल गिटहब आपणहून वाचतं. लोकल गिटला (२.२३ पासून पुढे) ब्लेमची इग्नोअर-रेव्हज-फाइल सेटिंग द्यावी लागते. ती ग्लोबल ठेवू नका, ज्या रेपोत ही फाइल नाही तिथे ब्लेम सरळ एरर देतं.

हॅश मर्ज झाल्यावर, वेगळ्या पीआरमधून टाका. मर्ज करताना स्क्वॉश (सगळे कमिट एकात दाबणं) केलं तर हॅश बदलतो, आणि गिटहबच्या 'रीबेस अँड मर्ज' मध्येसुद्धा बदलतो. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. शिवाय स्क्वॉशमध्ये दोन्ही कमिट एक होतात, म्हणजे वेगळे करून उपयोग शून्य. इथे साधा मर्ज कमिटच हवा.

बाणेर_बॅकएंड: आणि त्या ब्रँचेस? मेन (मुख्य ब्रँच) नुसती ओढली तर कॉन्फ्लिक्टचा (एकमेकांशी न जुळणारे बदल) डोंगर.

सिंहगड_रोड: मेन थेट ओढू नका. आधी फॉरमॅटिंगच्या लगेच आधीचा कमिट ब्रँचमध्ये मर्ज करा, खरे कॉन्फ्लिक्ट तिथेच सोडवा. मग नवा ब्लॅक चालवून कमिट करा. त्यानंतर फॉरमॅटिंगचा कमिट 'अवर्स' स्ट्रॅटेजीने (आपल्या ब्रँचचा मजकूर जसाच्या तसा ठेवणारी पद्धत) मर्ज करा. स्ट्रॅटेजी म्हणतोय, 'एक्स' वाला ऑप्शन नव्हे. शेवटी उरलेली मेन. तिसऱ्या पायरीला त्या कमिटमधला सगळा मजकूर टाकून दिला जातो, म्हणून त्यात फॉरमॅटिंगशिवाय काही नको हा आग्रह.

औंध_लिंट: एक भर. ओळ फुटली की 'नोक्यूए' ची (लिंटरने ही ओळ सोडावी अशी) कमेंट भलत्याच ओळीवर जाऊन बसते आणि लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन) ओरडतो, तेव्हा लिंट त्याच पीआरमध्ये चालवा. कोडचा अर्थ बदलेल ही भीती नको, ब्लॅक आधीचा-नंतरचा सिंटॅक्स ट्री (कोडची रचना) ताडून बघतो. फक्त 'फास्ट' फ्लॅग लावू नका, ती तपासणी गळते. आणि डिसेंबरपासूनच सीआयमध्ये प्रीव्ह्यू लावून फॉरमॅट करत राहा, जानेवारीत काही उरतच नाही.

कोथरूडकर: शेवटचं पटत नाही. प्रीव्ह्यूतलं सगळंच स्थिर होत नाही, काही गोष्टी मागेही घेतल्या जातात. आणि फोडलेल्या ओळीत शेवटी स्वल्पविराम पडला की जुना ब्लॅक ती परत जोडत नाही, तो स्वल्पविराम हाताने काढत बसावं लागतं. प्रीव्ह्यू चालवा, पण 'चेक' आणि 'डिफ' लावून, फाइलला हात न लावता, आणि तो जॉब नापास झाला तरी पीआर अडणार नाही असा ठेवा.