सीमेवर तपासणी वाढवली म्हणजे स्थलांतरितांचे समावेशन सोपे होते का?

प्रश्न (विद्यार्थी, धरमपेठ, नागपूर):
आमच्या महाविद्यालयात ‘युरोपने सीमा बंद कराव्यात’ या विषयावर वादविवाद स्पर्धा आहे आणि मला ठरावाच्या बाजूने बोलायचे आहे. शेंगेन क्षेत्रातील २९ देशांच्या आपसांतील सीमांवर पासपोर्ट तपासला जात नाही, असे असताना जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सर्व भूसीमांवर तपासणी सुरू केली, हे नियमात बसते का? शिवाय येणारे कमी झाले की आधी आलेल्यांना सामावून घेणे सोपे जाते, हा मुद्दा टिकेल का?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, रामदासपेठ):
तपासणी नियमात बसते, कारण सुरक्षिततेला गंभीर धोका असल्यास तात्पुरत्या तपासणीची तरतूद शेंगेन सीमा संहितेतच आहे. ऑस्ट्रियाच्या सीमेवर सप्टेंबर २०१५ मध्ये बसवलेली तपासणी मुदतवाढ घेत दहा वर्षे चालली, तिला तात्पुरती म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. आश्रय मागणाऱ्याला सीमेवरूनच परत पाठवणे ही वेगळी गोष्ट आहे. जर्मनीने मे २०२५ मध्ये तसे सुरू केले, तेव्हा अर्जाची जबाबदारी कोणत्या देशाची हे डब्लिन नियमानुसार आधी ठरवायला हवे होते, असे सांगून बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयाने २ जून २०२५ रोजी तीन सोमाली नागरिकांच्या प्रकरणात ती कृती बेकायदा ठरवली. सरकारने तो निकाल त्या तिघांपुरता मानून धोरण पुढे रेटले. प्रतिपक्ष हे प्रकरण काढणारच.

उत्तर २ (मूळची नागपूरची, सध्या लायपझिग):
सरांनी कायदा सांगितला, मी दुसऱ्या मुद्द्याबद्दल लिहिते. जर्मनीने तुर्कस्तानातून कामगार आणण्याचा करार १९६१ मध्ये केला आणि १९७३ मध्ये भरती थांबवली. एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे ओळखून अनेक कामगार परतलेच नाहीत, उलट त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. आणि नवागतांना भाषा व कायदा-इतिहास शिकवणारा सरकारी अभ्यासक्रम देशाला सुचला तो २००५ मध्ये! माझ्या वर्गातले एक सीरियन शिंपी गिऱ्हाइकाशी जर्मनमध्ये सफाईने बोलत, पण गळक्या नळाबद्दल घरमालकाला तक्रारीचे पत्र लिहायचे म्हटले की घाम पुसत बसत, आणि परीक्षेत नेमके पत्रच लिहावे लागते. त्यात, नोकरी वा शिक्षण मिळाले नसेल तर आश्रय मंजूर झालेल्यालाही साधारण तीन वर्षे नेमून दिलेल्या राज्यातच राहावे लागते, मग कामाच्या संधी दुसऱ्या राज्यात का असेनात. संख्या घटली तर घरे आणि वर्गातल्या जागा पुरतात, एवढे तू खुशाल म्हण. त्यापुढे गेलास तर १९७३ आडवे येईल.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद ताई. मुद्दा तेवढ्यापुरताच ठेवतो. सर, आपल्या जरीपटक्यातल्या सिंधी कुटुंबांचा दाखला चालेल का?

उत्तर १:
नको. फाळणीनंतर पाकिस्तानातून आलेल्यांच्या नागरिकत्वाची सोय राज्यघटनेच्या कलम ६ मध्येच केलेली होती. परदेशी आश्रयार्थींशी त्यांची तुलना होत नाही, असे म्हणून परीक्षक तिथेच अडवतील.