वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च सार्थकी लागतो का? शुक्रवारपर्यंत ठरवायचे आहे, मदत हवी आहे

वडगावकरीण | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार. मी बेळगावच्या वडगाव भागात राहते. वय ४३, वजन ९८ किलो. गेल्या नऊ वर्षांत तीन आहारतज्ज्ञ, एक योगवर्ग आणि पावडरीचे महागडे डबे एवढे सर्व करून झाले. दर वेळी आठ-दहा किलो उतरले आणि पुढच्या दिवाळीपर्यंत व्याजासह परत आले. आता डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली आहे. खर्च ३ लाख ४० हजार सांगितला असून शुक्रवारपर्यंत ५० हजार आगाऊ भरले तरच पुढच्या महिन्याची तारीख मिळणार आहे. आमचे घरचे दोन यंत्रमाग आहेत, त्यांतला एक विकण्याचे चालले आहे, म्हणून माझा प्रश्न एवढाच आहे की पैशाच्या आणि त्रासाच्या मानाने ही शस्त्रक्रिया खरोखर उपयोगी पडते का. ज्यांची झाली आहे त्यांनीच कृपया लिहावे. "चालायला जा" हा सल्ला मला घरी फुकट मिळतो.

व्हॅक्सिन_डेपो_सकाळी_सहा | सोमवार, रात्री ११:०५

ताई, आपण आधीच बजावले आहे, तरी राहवत नाही म्हणून लिहितो. मी रात्रीचा भात सोडला, रोज पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाला पाच फेऱ्या घातल्या आणि चौदा महिन्यांत १७ किलो वजन उतरवले. देवाने दिलेले पोट कापून टाकण्याआधी माणसाने सहा महिने तरी प्रामाणिकपणे प्रयत्न करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

निपाणीकर_२०२० | सोमवार, रात्री ११:३२

काका, त्यांनी नऊ वर्षे प्रयत्न केले आहेत, हे वरच्याच परिच्छेदात लिहिलेले आहे.

ताई, माझी स्वतःची शस्त्रक्रिया २०२० मध्ये झाली, त्यामुळे उत्तर देण्याचा अधिकार मला आहे असे समजतो. पण आपण दिलेल्या माहितीवर कोणीही हो किंवा नाही म्हणू शकणार नाही. उंची किती? मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे यांपैकी काय आहे आणि किती वर्षांपासून आहे? मुख्य म्हणजे कोणती शस्त्रक्रिया सांगितली आहे?

वडगावकरीण | मंगळवार, सकाळी ७:१५

उंची १५२ सेंटीमीटर. मधुमेह आहे, तो हल्ली कोणाला नसतो? अकरा वर्षे झाली, दोन प्रकारच्या गोळ्या चालू आहेत आणि तरी साखर वरच असते. गुडघे दुखतात. कोणती शस्त्रक्रिया म्हणजे काय, ते कळले नाही. दुर्बिणीची आहे, मोठी चीर नसते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी सोडतात.

निपाणीकर_२०२० | मंगळवार, सकाळी ८:५०

दुर्बिणीतून करणे ही पद्धत झाली. आत काय करणार हा प्रश्न वेगळा आहे आणि खरा प्रश्न तोच आहे. साधारणपणे दोन प्रकार केले जातात. स्लीव्ह या प्रकारात जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला लहानशी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न बरेचसे जठर आणि आतड्याचा पहिला भाग वगळून पुढे जाते. दोन्हींचे फायदे-तोटे एकसारखे नाहीत.

आपला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ४२.४ येतो. भारतीयांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा धरला जातो, त्यामुळे शस्त्रक्रियेचा सल्ला चुकीचा आहे असे कोणताही जाणकार म्हणणार नाही. अनुभवी हातांत जिवाचा धोका हजारात एक ते तीन इतका, म्हणजे पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या जवळपास असतो.

माझे सांगायचे तर स्लीव्ह झाली तेव्हा वजन १२६ होते, चौदा महिन्यांत ते ८४ झाले आणि आज ९७ आहे. मधुमेह तीनच वर्षांचा होता; गोळ्या चार वर्षे बंद राहिल्या आणि मागच्या वर्षी एक पुन्हा सुरू झाली. मुलाबरोबर टेकडी चढून जाता येते, जे आधी स्वप्नातही नव्हते. पुन्हा वेळ आली तर शस्त्रक्रिया करेन का? करेन. मात्र स्लीव्हच करेन का, याबद्दल नंतर लिहितो, कारण आता दुकान उघडायचे आहे.

औषधदुकान_टिळकवाडी | मंगळवार, सकाळी ११:२०

यंत्रमाग विकण्याची काहीही आवश्यकता नाही. आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने आता आपल्याकडे मिळतात. मौंजारो (टिर्झेपटाइड) मार्च २०२५ मध्ये आले आणि वेगोव्ही (सेमाग्लुटाइड) त्याच वर्षीच्या जूनमध्ये. चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले आणि टिर्झेपटाइडच्या सर्वात मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत २० टक्क्यांच्या आसपास. मधुमेहावरही तीच औषधे काम करतात. असे असताना जठर कापून घेणे म्हणजे ढेकूण मारण्यासाठी घर जाळणे आहे.

निपाणीकर_२०२० | मंगळवार, दुपारी १:४५

औषध बंद केल्यावर काय होते, तेही त्याच दमात सांगायला हवे होते. सेमाग्लुटाइड थांबवल्यानंतर एका वर्षात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले, हे त्याच चाचणीच्या पुढच्या पाहणीत दिसले आहे. म्हणजे इंजेक्शन बहुधा आयुष्यभर घ्यावे लागणार आणि दरमहा तुमच्या दुकानाची पायरी चढावी लागणार.

औषधदुकान_टिळकवाडी | मंगळवार, दुपारी २:१०

आणि तुमचे १३ किलो कोणत्या शस्त्रक्रियेने परत आणले? माझ्या दुकानाचा इथे काहीही संबंध नाही. मी फक्त एवढेच म्हणतो की इंजेक्शन थांबवता येते, कापलेले जठर परत जोडता येत नाही.

निवृत्त_विमावाला | मंगळवार, सायंकाळी ५:३०

वाद चालू द्या. मला ताईंना विचारायचे आहे की ३ लाख ४० हजार स्वतःच्या खिशातून का भरत आहेत. आरोग्य विम्यात लठ्ठपणाच्या उपचारांची वगळणी असते, हे खरे; परंतु त्या ०६ क्रमांकाच्या प्रमाणित कलमातच सवलतीच्या अटीही छापलेल्या आहेत. वय १८ किंवा अधिक, डॉक्टरांचा लेखी सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा अधिक. किंवा ३५ वा अधिक असून सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार वा आटोक्यात न येणारा मधुमेह. शिवाय त्याआधी साधे उपाय करूनही यश न आल्याचा पुरावा. ताई, त्या तीन आहारतज्ज्ञांचे कागद सोन्याच्या मोलाचे आहेत, ते जपून ठेवावेत. पॉलिसी कधी काढली ते कळवावे, कारण प्रतीक्षाकाळ पूर्ण झाल्याशिवाय दावा मंजूर होत नाही.

वडगावकरीण | मंगळवार, रात्री ९:५५

पॉलिसी मागच्या वर्षी श्रावणात काढली. एजंटाने मधुमेह लिहू नका, हप्ता वाढेल, असे सांगितले म्हणून लिहिला नाही. आहारतज्ज्ञांचे कागद रद्दीत गेले.

माझा मूळ प्रश्न मात्र अजून तसाच आहे.

निवृत्त_विमावाला | मंगळवार, रात्री १०:२०

मग त्या पॉलिसीच्या भरवशावर एक रुपयाचाही हिशेब करू नये. अकरा वर्षांचा आजार लपवून काढलेल्या पॉलिसीवर दावा केला, तर तो नाकारला जाईलच, शिवाय पॉलिसीही रद्द होऊ शकते. चूक एजंटाची असली तरी सही आपली आहे. कंपनीला आजच लेखी कळवून दुरुस्ती करून घ्यावी.

८६५_पैकी_एक | बुधवार, सकाळी ९:००

या सर्व चर्चेत एक मुद्दा कोणाच्याही लक्षात आलेला नाही. शस्त्रक्रियेपूर्वी ज्या संमतीपत्रावर सही घेतात ते कोणत्या भाषेत असते? कन्नड आणि इंग्रजीत. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही न वाचता सही केली. महाराष्ट्र शासनाने आपल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला, त्यावरही कर्नाटकाने हरकत घेतली. म्हणजे सीमाभागातल्या माणसाने आजारीसुद्धा कोणाला विचारून पडायचे, हा प्रश्न मी गेली अनेक वर्षे विचारतो आहे.

औषधदुकान_टिळकवाडी | बुधवार, सकाळी ९:४०

धागा वजनाचा आहे, सीमाप्रश्नाचा नाही.

खानापूर_रानवाट | बुधवार, सकाळी १०:१५

सीमाप्रश्न बाजूला ठेवला तरी संमतीपत्राचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ताई, ते पत्र आपल्याकडे असेल तर शाळेत शिकणाऱ्या एखाद्या मुलाकडून वाचून घ्या आणि शस्त्रक्रियेचे नाव काय लिहिले आहे ते इथे कळवा.

अनगोळ_स्वयंपाकघर | बुधवार, दुपारी १२:०५

शस्त्रक्रियेनंतरच्या खाण्याबद्दल कोणी विचारले नाही, तरी लिहिते. पहिले दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ, म्हणजे ताक, डाळीचे पाणी आणि नाचणीची गाळलेली आंबील, तीही घोटघोट. त्यानंतर मऊ, कालवलेले अन्न आणि साधारण दीड महिन्याने नेहमीचे जेवण. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत आणि ती लहानशा वाटीतून साधणे कठीण असते. लग्नात मांडे वाढले तर एक तुकडा तोंडात टाकून हात जोडावेत. कुंद्याचे नावही काढू नये, कारण बायपास झालेल्यांना गोड खाल्ल्यावर घाम फुटतो, छाती धडधडते आणि आडवे पडावे लागते.

वडगावकरीण | बुधवार, रात्री ८:३०

पुतण्याने वाचून सांगितले. "लॅपरोस्कोपिक स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी" असे लिहिले आहे. म्हणजे निपाणीकर भाऊंची झाली तीच. मग त्यांच्यासारखाच गुण येईल, असे समजून पैसे भरते. सकाळची गॅसची गोळी तरी शस्त्रक्रियेनंतर बंद होईल का? सहा वर्षे घेते आहे. रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोपता येत नाही, आंबट पाणी घशाशी येते.

निपाणीकर_२०२० | बुधवार, रात्री ८:४२

ताई, पैसे भरू नका. निदान शुक्रवारी भरू नका.

काल अर्धवट सोडलेले वाक्य हेच होते. स्लीव्हनंतर ती नळी अरुंद आणि दाबाची होते, त्यामुळे ज्याला आधीच आंबट पाणी वर येते त्याचा त्रास पुष्कळदा वाढतो. मला आधी काहीही नव्हते, तरी आज रोज गोळी घ्यावी लागते आणि उंच उशीशिवाय झोप लागत नाही. फिनलंडमध्ये दोन्ही शस्त्रक्रियांच्या रुग्णांची दहा वर्षांनी तपासणी केली, तेव्हा स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्के लोकांच्या अन्ननलिकेला सूज आढळली, बायपास झालेल्यांत ती ७ टक्के होती. इतका जुना त्रास असताना आधी एंडोस्कोपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, अन्ननलिकेची स्थिती आणि हर्निया (जठराचा भाग छातीकडे सरकणे) आहे का ते पाहायला हवे. तुमची एंडोस्कोपी झाली आहे का? डॉक्टरांना ही गोळी माहीत आहे का?

खानापूर_रानवाट | बुधवार, रात्री ९:३०

निपाणीकरांशी मी सहमत आहे, पण बायपास म्हणजे सुटका असे कोणी समजू नये म्हणून आमचे लिहितो. माझ्या पत्नीची बायपास २०१८ मध्ये झाली. ४१ किलो उतरले, मधुमेह गेला, आणि सर्व छान चालले आहे असे पाहून तिने दोन वर्षांनी जीवनसत्त्वांच्या गोळ्या सोडल्या. पुढच्या पावसाळ्यात तळपायाला मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला. आम्ही त्याला मधुमेहाचा जुना परिणाम समजलो, एका डॉक्टरांनी मणक्याचा एमआरआय करायला लावला, आणि शेवटी मिरजेला एका वयस्कर डॉक्टरांनी पोटावरच्या खुणा पाहून बी-१२ तपासायला सांगितले. ते जवळपास संपलेले होते. इंजेक्शनांनी बरेच सुधारले, पण डाव्या पायाचा बधिरपणा पूर्ण गेला नाही.

लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ हे आयुष्यभराचे आहे. दरवर्षी रक्त तपासावे लागते. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय असेल तर ती बायपासनंतर सोडावीच लागते, कारण जोडाच्या जागी अल्सर होतो. ताई, तुम्हाला गुडघ्यांचा त्रास आहे, म्हणून विशेष लिहिले. ३ लाख ४० हजारांत हा पुढचा खर्च धरलेला नसतो.

आणखी एक. तुमचा मधुमेह अकरा वर्षांचा आहे. तो जितका जुना, तितका पूर्ण जाण्याचा संभव कमी. स्वीडनमधल्या प्रसिद्ध पाहणीत शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के लोकांचा मधुमेह गेलेला होता, दहा वर्षांनी ते प्रमाण ३६ टक्के उरले. शस्त्रक्रिया जुन्या पद्धतीच्या होत्या, तरी दिशा कळते. गोळ्या कमी होतील, साखर आवरेल, हे खूप आहे. पण "मधुमेह जाईल" या आशेवर माग विकू नये.

वडगावकरीण | शनिवार, दुपारी ४:००

सर्वांची उत्तरे यजमानांना वाचून दाखवली. काल पैसे भरले नाहीत. त्याऐवजी डॉक्टरांना भेटून गोळीचे सांगितले. त्यांनी माझी फाइल उघडून दाखवली. पहिल्या दिवशी नर्सने भरलेल्या फॉर्ममध्ये "आम्लपित्त" या रकान्यासमोर "नाही" लिहिले आहे, आणि ते मीच सांगितले होते, कारण गॅसला मी कधी आजार मानलेच नव्हते. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, हर्निया निघाला किंवा सूज असली तर स्लीव्ह करणार नाही, बायपासचा विचार करू, आणि दुसरे मत घ्यायचे असेल तर कोल्हापूरला जाऊन या, तारीख थांबवून ठेवतो. मग शुक्रवारची घाई कशासाठी होती, हे विचारायचे राहून गेले.

माग घेणारा गृहस्थ आला होता. यजमानांनी त्याला महिनाभर थांबायला सांगितले आहे. विम्याच्या कंपनीला पत्र लिहिले. एंडोस्कोपी बुधवारी सकाळी आहे. उपाशी किती वेळ राहायचे असते?

खानापूर_रानवाट | शनिवार, दुपारी ४:२५

साधारण सहा ते आठ तास सांगतात. उपाशीपोटी मधुमेहाची गोळी घ्यायची की नाही, हे मात्र आधी फोन करून त्यांनाच विचारा, आणि या वेळी दोन्ही गोळ्यांची नावे सांगा.

व्हॅक्सिन_डेपो_सकाळी_सहा | शनिवार, सायंकाळी ६:१०

बुधवारी तपासणी उशिरा असेल तर पहाटे मैदानावर एक फेरी सहज होईल.

वडगावकरीण | शनिवार, सायंकाळी ६:१४

काका, तपासणी साडेसात वाजता आहे.