नववीच्या मुलांशी कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल बोलताना कोणती विज्ञानकथा घ्यावी?

प्रश्न:
मी नववीला मराठी शिकवते. परवा एका मुलाने 'माझी आजी' या निबंधात आजीच्या दोऱ्याने बांधलेल्या चष्म्याचे असे वर्णन केले की वाचताना मला गलबलून आले. नंतर कळले की त्याने आजीला कधी पाहिलेलेच नाही आणि निबंध चॅटजीपीटीने लिहिला आहे. रागावण्याऐवजी विज्ञानकथेच्या आधाराने या विषयावर बोलायचे असेल, तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर १:
कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या 'आर. यू. आर.' या नाटकापासून करावी. 'रोबोट' हा शब्द त्यातूनच जगभर गेला आणि त्याचे मूळ वेठबिगारी या अर्थाच्या 'रोबोटा' या चेक शब्दात आहे. नाटकातले रोबोट लोखंडी नाहीत. ते कारखान्यात घडवलेले, हुबेहूब माणसांसारखे दिसणारे कामकरी आहेत. त्यामुळे 'यंत्र किती हुशार आहे' याआधी 'आपण कोणाला राबवून घेतो' हा प्रश्न वर्गात येतो, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो.

उत्तर २:
विज्ञानकथालेखक आयझॅक ॲसिमॉव्ह यांनी १९४२ मध्ये एका कथेत मांडलेले रोबोटचे तीन नियम फळ्यावर लिहून मुलांना त्यांतल्या पळवाटा शोधायला सांगा. माणसाला इजा होऊ देऊ नये, असे पहिला नियम सांगतो. पण मन दुखावणे ही इजा धरायची का, यावर माझ्या वर्गात दोन तास वाद चालला.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. उद्या नाटकापासून सुरुवात करते, आणि त्या मुलाला न पाहिलेल्या आजीबद्दल आईला विचारून चार ओळी लिहायला सांगते.