इंग्रजी भूतकाळ: 'हॅड' नेमका कधी लावायचा?

प्रश्न (नववी_सेमी): ब्रिटनमधल्या खाणीतल्या बालमजुरांवर परिच्छेद लिहायचाय. सगळीकडे 'हॅड' लावलं, तर बाईंनी लाल रेघा मारल्या. चुकतंय कुठे?

व्याकरणवेडा: मराठीत आपण 'काल गेलो होतो' सहज म्हणतो, म्हणून 'हॅड गॉन' तोंडात येतं. इंग्रजीत 'हॅड' लागतो तो भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची दाखवायला: 'व्हेन द लॉ केम इन 1842, मेनी बॉइज हॅड ऑलरेडी वर्क्ड अंडरग्राउंड फॉर इयर्स.' घटना एकच असेल, तर साधा भूतकाळ. त्या कायद्याने सर्व स्त्रिया, मुली आणि 10 वर्षांखालच्या मुलांना जमिनीखालच्या कामाची बंदी केली. इथे 'बॅन्ड' पुरे.

पाटीपेन्सिल: रोजच्या कामाला 'यूज्ड टू' घ्या. लहान मुलं अंधारात बसून कोळशाच्या गाड्यांसाठी दारं उघडायची: 'दे यूज्ड टू ओपन द डोअर्स'. 'वुड ओपन'ही चालेल. पण राहणं, असणं अशा स्थितीला 'वुड' नको. नकारात 'डिडन्ट यूज टू', शेवटचा 'ड' गळतो. 'डिडन्ट वेन्ट'ची गल्लतही याच जातीची.

व्याकरणवेडा: आणि 'वॉज सिटिंग' फक्त चालू दृश्याला: तो बसला होता, तेवढ्यात दिवा विझला. 'द लॅम्प वेन्ट आउट'. मराठीत इथे 'बसला होता' म्हणतो, म्हणून 'हॅड सॅट' लिहायचा मोह होतो.

नववी_सेमी: म्हणजे माझे बरेच 'हॅड' उडणार!