पाद्री व्हायचे तर 'कुठेही अर्ज टाका'?

साष्टीकर: काल इथे एकाने सल्ला दिला: "गोव्यात राशोलची सेमिनारी, पिलारचा मिशनरी संघ, जेझुइट संघ, सगळे सारखेच. आधी घेतील तिथे जा, सहा वर्षांत पाद्री." डोकेच फिरले. राशोलची सेमिनारी धर्मप्रांताचे पाद्री घडवते. धर्मप्रांताचा पाद्री बिशपाची आज्ञा पाळतो, ब्रह्मचारी राहतो, पण दारिद्र्याचे व्रत घेत नाही. जेझुइट मात्र कमावेल ते संघाचे, आणि प्रोव्हिन्शियल, म्हणजे संघाचा प्रांतप्रमुख, पाठवील तिथे जायचे. सहा वर्षे म्हणजे फक्त तत्त्वज्ञान आणि थिऑलॉजीचा किमान काळ. जेझुइटाला त्याआधी दोन वर्षे नोव्हिशिएट (व्रतांआधीची उमेदवारी), मध्ये रीजन्सी (अभ्यास थांबवून संघाच्या कामातला काळ). पंचविशीआधी तर गुरुदीक्षा नाहीच.

मांडवीकाठ: तो सल्ला माझाच. कॅनन लॉ, चर्चचा कायदा, तोंडावर फेकून पोरांना घाबरवू नका. देवाचे पाचारण खरे की नाही हे आत गेल्यावरच कळते, नोव्हिशिएट त्यासाठीच असते. जमले नाही तर घरी या.

साष्टीकर: घरी या म्हणे! दुसरीकडे अर्ज केला की आधीच्या सुपिरियरकडून (संघप्रमुखाकडून) का सोडले याचे पत्र मागवतात. नोव्हिशिएटमध्ये तीन महिन्यांवर गैरहजेरी झाली तर सगळे बाद, 15 दिवसांवर गेली तर भरून काढा. शैक्षणिक कर्ज फेडता येत नसेल तर धर्मसंघ घेणारच नाही. बाप्तिस्म्याचा दाखलाही ताजा काढावा. लग्न, अखेरची व्रते, सगळे चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीतच समासात नोंदतात, जुन्या कागदावर ते दिसत नाही.

फोंडेकर: दाखले राहू द्या. घराच्या इन्व्हेंटरीचे, म्हणजे वारसांतल्या वाटणीच्या कोर्टातल्या कामाचे, बोला. गोव्यात आईवडिलांना मृत्युपत्राने निम्मीच मालमत्ता हवी तशी देता येते, उरलेली मुलांची. पाद्री मुलगाही वारस. त्याची सही नसली की आपसातले वाटप अडकते.

मांडवीकाठ: देवाच्या हाकेचा धागा नि ह्यांना दिसतेय माडांच्या भाटाची वाटणी.

फोंडेकर: दिसणारच, भांडणे तिथेच होतात. "व्रत घेताना हक्क सोडून दे" म्हणणाऱ्या भावांना सांगा: आईवडील हयात असताना त्यांचा वारसा सोडताच येत नाही. त्यांच्या पश्चात स्पेशल नोटरीसमोर दस्त करायचा, तोही अर्धवट किंवा अट घालून चालत नाही.

साष्टीकर: यात एक भर. पहिल्या व्रतांनी मालकी जात नाही. फक्त कारभार दुसऱ्याकडे सोपवायचा, आणि अखेरच्या व्रतांपूर्वी तरी मृत्युपत्र करायचे, दिवाणी कायद्यातही टिकेल असे. काही संघांत मालकीही पूर्ण सोडावी लागते, पण तो त्यांच्या घटनेचा भाग. अर्जाआधीच विचारा.

मांडवीकाठ: बरे बाबा, 'सारखेच' हा शब्द मागे घेतो. उद्यापासून पोरांना आधी वकिलाकडे पाठवतो, मग चॅपेलात.

फोंडेकर: वकिलाकडे जाताना फोर्म एक-चौदा, जमिनीचा उतारा, घेऊन जायला सांगा.